एकटीने कनू चालवताना पुढचं टोक वर उचलतं, वजन कुठे ठेवू?

स्पीडकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे. इथे कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट उघडी होडी, चालवणारे कितीजण आहेत कल्पना नाही, पण मराठीत विचारलं की मला नीट मांडता येतं, म्हणून इथेच धागा काढते आहे.

आम्ही कॅनडात, ऑन्टॅरियोत ग्वेल्फला राहतो. ११ वर्षांपूर्वी दोघांनी मिळून १६ फुटी कनू घेतली. सेकंडहँड, हिरवी, दोन सीटची. मी पुढे, हे मागे. दिशा सांभाळणं कायम यांच्याकडे. मी पुढून वल्हं मारायचं आणि पाण्यात दगड किंवा ओंडका दिसला की ओरडायचं. तंबू, डबे, कपड्यांच्या पिशव्या, सगळं सामान माझ्या पायाशी.

गेल्या हिवाळ्यात यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. चालतात आता, पण कनूत बसायचं-उठायचं म्हणजे या वर्षी तरी नाही. गॅरेजमध्ये ती उलटी टांगलेली कनू रोज दिसायची आणि मला करमायचं नाही. जूनमध्ये ठरवलं की आपण एकटीने जायचं. हे काठावर घडीची खुर्ची टाकून बसतात, थर्मासमधला चहा पितात आणि मी दिसेनाशी होईपर्यंत नजर हलवत नाहीत.

एकटीने बसायचं तर मागच्या सीटवर बसायचं, असं मला एका दुकानात सांगितलं होतं. तसंच बसते. आणि तिथूनच सगळं बिनसतं. मी बसले की समोर ती हिरवी कनू चढणीच्या रस्त्यासारखी वर जाते. पुढची दीड-दोन हात लांबी पाण्याला टेकतच नाही. इतकी वर्षं पुढे बसून माझ्या कानाला एक आवाज सवयीचा झालाय, टोकाखाली पाणी चिरत जातं त्याचा, बारीक सळसळ. आता तो नाही. त्याऐवजी लाटा तळाखाली थापा मारल्यासारख्या फट्-फट् वाजतात.

वारा नसेल तर निभतं. पण ग्वेल्फ लेक म्हणजे स्पीड नदीवर धरण बांधून केलेला जलाशय, चांगला उघडा आहे, आणि आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. जुलैत एकदा निम्म्यावर गेले आणि वारा सुटला. मी वाऱ्याकडे तोंड करायला जावं तर कनू आपोआप फिरून वाऱ्याकडे पाठ करते. उजवीकडून जीव खाऊन दहा वल्ही मारली, टोक थोडं वळलं, की पुढच्या झुळकीला परत जिथल्या तिथे. शेवटी मी प्रयत्न सोडला आणि ती नेईल तिकडे गेले. समोरच्या काठाच्या पाणकणसात जाऊन रुतले. तिथून गुडघाभर पाण्यात उतरून, दोरी हातात धरून, काठाकाठाने कनू ओढत आणली. चाळीस मिनिटं लागली. हे खुर्चीत नव्हते. काठी टेकत पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभे होते, आणि मी पोचल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मला हे सोडायचं नाहीये. पण त्यांना असं उभंही करायचं नाहीये.

त्यानंतर मी पुढे एका पिशवीत तीन मोठे दगड ठेवून पाहिले. टोक थोडं खाली आलं, पण कनू कलली की पिशवी घसरून एका बाजूला जाते आणि मग सगळीच कनू त्या अंगाला झुकते. माझं वजन ५८ किलो. पुढे किती वजन ठेवावं, कशाचं ठेवावं, की मी बसतेच आहे चुकीच्या जागी? अनुभवी लोकांनी सांगा.

---

पीटरबरोकर

ताई, पहिलं काम म्हणजे ते दगड बाहेर काढा. आजच. कनू भरली किंवा उलटली तर दगड तिला खाली ओढतील, आणि उलटताना ती पिशवी तुमच्या पायावर आली तर काय होईल, विचार करा.

दुसरं, तुमचा शेवटचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. तुम्ही बसताय चुकीच्या जागी. दोष तुमच्याकडे नाही, दुकानात दोन माणसांची कनू आणि एकटा माणूस हा हिशेब बऱ्याचदा कोणी करत नाही. मागची सीट ही पुढे कोणीतरी बसलंय असं धरून टोकाजवळ लावलेली असते. पुढे कोणी नसताना तुम्ही तिथे बसलात की मागचं टोक खाली रुततं, पुढचं हवेत. आता वारा आला की काय होतं बघा. रुतलेलं मागचं टोक खिळ्यासारखं एका जागी धरून राहतं आणि हवेतलं पुढचं टोक शीड होतं. शीड वाऱ्याबरोबर जाणार. म्हणून तुमची कनू दर वेळी वाऱ्याकडे पाठ करते. छपरावरचा तो वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा जसा फिरतो, तसंच.

आणि तुम्ही जीव खाऊन वल्हं मारूनही ती वळत का नाही, तेही यातच आहे. कनू ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू जड टोकाकडे सरकतो. म्हणजे तुम्ही बसलात जवळजवळ त्याच्यावरच. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, किती जोर लागतो. तसं झालं होतं तुमचं.

उपाय साधा आहे: उलट्या बसा. म्हणजे पुढच्या सीटवर, पण तोंड मागच्या सीटकडे करून. आता जे मागचं टोक होतं ते तुमचं पुढचं झालं. पुढची सीट कनूच्या मध्याला बरीच जवळ असते, त्यामुळे तुमचं वजन आपोआप मध्याकडे येतं. एकट्यासाठीच बांधलेल्या कनूत सीट मध्याच्या किंचित मागे असते, तुम्ही त्याच्या जवळपास पोचता.

पण हे प्रत्येक कनूला चालत नाही. आधी कनू गवतावर ठेवून वरून नीट बघा. दोन्ही टोकं सारखीच निमुळती होत गेली आहेत का? जुन्या प्रॉस्पेक्टर पद्धतीच्या कनू तशा असतात आणि त्या कुठल्याही बाजूने चालतात. काही कनूंचा सगळ्यात रुंद भाग मध्याच्या मागे असतो, त्या उलट चालवल्या की सरळ जायचं नाव घेत नाहीत. दुसरं म्हणजे सीट सपाट हवी, वेताची किंवा पट्ट्यांची. खोलगट प्लास्टिकची असेल तर उलटं बसताच येणार नाही. तिसरं, सीटच्या लगेच मागे आडवी पट्टी असेल तर गुडघ्यांना जागा उरत नाही.

चालत असेल तर बसू नका, गुडघे टेका. जाड फोमचा तुकडा खाली, दोन्ही गुडघे फाकवून कनूच्या दोन कडांकडे, आणि पार्श्वभाग सीटच्या कडेला नुसता टेकवलेला. तीन जागी टेकलेलं माणूस सहजी हलत नाही. वजन खाली जातं आणि अजून थोडं मध्याकडे सरकतं. वीसेक मिनिटांनी पायाला मुंग्या येतील. आल्या की काठाला लागा, एक पाय पुढे पसरा, पण अंगात ताठरपणा येईपर्यंत ओढू नका.

इथल्याच ऑन्टॅरियोतल्या अल्गोंक्विन पार्कात ओमर स्ट्रिंगर नावाचे वाटाडे होऊन गेले. एकट्याने मोठी कनू कशी चालवावी हे इकडच्या कितीतरी लोकांनी त्यांच्याकडे बघून उचललं. ते मध्याजवळ गुडघे टेकून, वल्ह्याच्या बाजूला इतके सरकत की कनू त्या अंगाला कलून काठ पाण्याच्या जवळ येई. कललेली कनू पाण्याला कमी लांबीने टेकते, त्यामुळे जागच्या जागी वळते, आणि ५८ किलोच्या माणसाचा हात रुंद कनूवरून पाण्यापर्यंत नीट पोचतो. तुम्ही लगेच इतकं करू नका. संथ पाण्यात, कमरेइतक्या खोलीत, वितभर सरकून बघा. भीती वाटते तेवढी कनू उलटत नाही, कललेल्या स्थितीत ती एका ठिकाणी येऊन थांबते. ते ठिकाण अंगाला कळलं पाहिजे.

सीटांची मापं घेऊन इथे टाका. कनूच्या बरोबर मध्यापासून प्रत्येक सीटच्या मध्यापर्यंत.

---

स्पीडकाठ

पीटरबरोकर, किती मनापासून लिहिलंत. दगड कालच बागेत गेले.

कनू आज गवतावर काढली. यांनी खुर्चीत बसून टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. लांबी ४८८ सेंमी. मध्यापासून मागची सीट १४० सेंमी, पुढची ८५ सेंमी. दोन्ही टोकं सारखीच आहेत, रुंदी मध्यातच सगळ्यात जास्त भरते. सीटा वेताच्या, सपाट. मध्ये खांद्यावर घ्यायचं जू आहे आणि मागच्या सीटच्या पुढे एक पट्टी. पुढच्या सीटजवळ काही नाही. उलटी बसून पाहिलं, गुडघे आरामात मावतात. ११ वर्षांत या सीटवर तोंड फिरवून बसावं असं एकदाही सुचलं नाही.

---

तराजू

मी कनू चालवत नाही, पण तुमची मापं वाचून राहवलं नाही. कनूचं स्वतःचं वजन मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखं, म्हणून ते सोडून देऊ. राहिला नुसता सी-सॉचा हिशेब, वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर.

मागच्या सीटवर तुम्ही: ५८ × १४० = ८१२०. हे फेडायला पुढच्या टोकाजवळ, मध्यापासून १८० सेंमीवर, ४५ किलो ठेवावे लागतील. तीन दगडांनी काय होणार.

उलटं बसलात तर ५८ × ८५ = ४९३०. त्याला २७ किलो पुरतात.

गुडघे टेकले की शरीराचा भार सीटच्या पुढे येतो. तो मध्यापासून अंदाजे ६० सेंमीवर धरला तर ३४८०, म्हणजे १९ किलो. नुसतं बसायची जागा आणि पद्धत बदलून ४५ चे १९ झाले.

---

पीटरबरोकर

वा! आणि हे १९ सुद्धा पूर्ण भरू नका. कनू अगदी समतल झाली की ती वळायला फार चटकन वळते. मागे किंचित भार राहिला तर सरळ चालते. मी १५ किलोवर थांबेन.

वाऱ्यात मात्र नियम बदलतो. वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तेव्हा पुढचं टोक जरा जड हवं, म्हणजे पुढचं टोक रुतून राहतं आणि वारा मागच्या हलक्या टोकाला ढकलून कनूला स्वतःच वाऱ्याकडे ठेवतो. वारा पाठीवर घेऊन येताना उलट, मागे जड. हे पिशव्या उचलून करत बसायची गरज नाही. गुडघे वीतभर पुढे, वीतभर मागे. तुमचं स्वतःचं वजन हेच सगळ्यात चांगलं सरकवता येणारं वजन आहे.

---

तराजू

बरोबर. तुम्ही २० सेंमी पुढे सरकलात म्हणजे ११६०. तेवढाच परिणाम साधायला १५ किलोची पिशवी ७७ सेंमी सरकवावी लागेल, तेही लाटांत.

---

देवबागचा

ताई, मी देवबागचा, सिंधुदुर्गातला. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधल्या पट्ट्यात आमचं घर. तुमची कनू मी फक्त फोटोत पाहिलीय, पण एकट्या माणसाची होडी आणि वारा हे मला चांगलं माहीत आहे.

आमची लहान होडी उलांडीची. उलांडी म्हणजे बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेलं लाकूड, ते होडीला आडवी होऊ देत नाही. पण पुढे-मागेचा तोल उलांडी सांभाळत नाही, तो माणसानेच सांभाळायचा. बाबा जाळं घेऊन एकटे जायचे तेव्हा जाळं कुठे पडायचं ते ठरलेलं. जाताना जाळं कोरडं आणि हलकं. येताना ओलं, मासळीसकट, म्हणून येताना त्याची जागा वेगळी. मी बरोबर असलो तर होडीत पाय ठेवताच पहिला शब्द: ‘मदी बस.’ मी टोकावर बसायला बघायचो, लहान होतो.

बोटीच्या तळाला समतोलासाठी जे वजन घालतात त्याला आपल्याकडे नीरम म्हणतात. दगड-रेतीचं नीरम मोठ्या शिडाच्या गलबताला. लहान होडीला पाण्याचंच बरं. पाण्याचा कॅन होडीत असतो तोवर त्याला वजन आहे. होडी भरली की पाण्यात पाणी, तो काही ओढून नेणार नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅन काठोकाठ भरा. अर्धा भरलेला कॅन सगळ्यात वाईट. होडी कलली की आतलं पाणी धावतं आणि ज्या अंगाला होडी चाललीय त्याच अंगाला अजून ढकलतं. तुमची दगडांची पिशवी घसरत होती, तसंच हे, फक्त आतल्या आत. काठोकाठ भरला की पाण्याला धावायला जागाच नाही. आणि कॅन उभा ठेवू नका, आडवा, तळाला, मधल्या रेषेवर.

आता तोल बरोबर आहे का ते बघायच्या आमच्या दोन पद्धती. एक, होडी किनाऱ्याला ओढली की बाबा लगेच तिच्या अंगावरची ओली रेघ बघायचे. पुढे किती वर आलीय, मागे किती. उन्हात पाच मिनिटांत सुकते, त्याआधी बघायचं. दुसरी, होडीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि आपल्या जागेवर बसायचं. पाणी जिकडे जाऊन साठेल तिकडे होडी जड. टेप नको, काही नको.

---

थंडपाणी

वजनाबद्दल सगळं आलंय. मी ओटावाहून फक्त ताईंच्या यजमानांच्या बाजूने लिहितो.

लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली. कनूत तरंगणारी १५ मीटरची दोरी ठेवावीच लागते, तीही गुंडाळून पिशवीत, पायाजवळ सुटी नको. कॅन बांधायचा तर आखूड पट्ट्याने, लोंबणारा फास कुठेही नको.

जाताना आधी वाऱ्याच्या दिशेने जा, दमल्यावर वारा घरी आणून सोडतो. आणि काठाकाठाने. तलाव मधोमध कापून जाण्याचा मोह एकट्याने टाळा. टॉम थॉमसन हा चित्रकार अल्गोंक्विनमध्ये कित्येक मोसम कनू चालवत होता. जुलै १९१७ मध्ये तिथल्या कनू लेकवर एकटाच निघाला आणि जिवंत परतला नाही. कसं झालं यावर लोक आजही वाद घालतात. मला त्यातून एवढंच दिसतं की एकट्याच्या बाबतीत सांगायला दुसरं कोणी नसतं.

ऑक्टोबर आला की पाणी थंड होत जातं. थंड पाण्यात पडलात तर १-१०-१ लक्षात ठेवा. पहिलं १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, धाप लागते ती ओसरू द्यायची. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, त्यात काय करायचं ते करायचं. शुद्ध हरपायला साधारण १ तास असतो. जॅकेट नसेल तर हा तास मिळतच नाही.

पाणी अजून बरं आहे तोवर काठाजवळ एकदा मुद्दाम कनू उलटवून बघा. दादांनी काठावर बसून बघू दे. तुम्ही पाण्यातून उठून उभ्या राहिलेल्या त्यांना एकदा दिसू द्या.

---

स्पीडकाठ

दोन शनिवार झाले, सगळं सांगते.

पहिल्या शनिवारी थंडपाणी यांनी सांगितलं ते आधी केलं. कमरेइतक्या पाण्यात गेले आणि वल्ह्याच्या बाजूला सरकत गेले. पीटरबरोकर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. कनू कलली आणि एका ठिकाणी येऊन थांबली. काठ पाण्यापासून चार बोटांवर. मला वाटलं होतं आता गेले. मी तिथेच दोन-तीन श्वास थांबले, मग परत आले. असं पाच-सहा वेळा केलं. मग मुद्दाम पलीकडे गेले आणि पडले. उठून उभी राहिले, केस निथळत होते, आणि काठावरून यांनी हात वर केला. घरी येताना गाडीत म्हणाले, ‘हे जूनमध्येच करायला हवं होतं.’

मग नीरम. कॅम्पिंगचा १५ लिटरचा पाण्याचा कॅन घरी होताच. नळाखाली काठोकाठ भरला, झाकण लावताना थोडं पाणी सांडेपर्यंत. जुन्या मागच्या सीटच्याही मागे, म्हणजे आता जे माझं पुढचं टोक आहे तिथे, आडवा ठेवला आणि आखूड पट्ट्याने सीटला बांधला. फोम टाकला, गुडघे टेकले.

देवबागचे दादा, तुमच्या तांब्याच्या जागी माझा स्टीलचा मग. तळावर ओतला. पाणी आधी जागच्या जागी थरथरलं, मग अगदी सावकाश माझ्या गुडघ्यांकडे आलं आणि फोमच्या कडेशी थांबलं. मागे किंचित जड, हवं होतं तसं. त्याआधी कॅन न ठेवताही करून पाहिलं होतं, तेव्हा पाणी सरळ धावत मागे गेलं होतं. ओली रेघही बघितली. यांनी खुर्ची पाण्यालगत ओढून, फोन पाण्याच्या पातळीला धरून बाजूने फोटो काढले, रेघ सुकली तरी फोटो राहतो. घरी जेवणाच्या टेबलावर दोन्ही टोकांशी पट्टी लावून मोजत बसले होते.

आणि तो आवाज परत आला. मी वल्हं उचलून धरलं, कनू आपल्या वेगात चालली होती, आणि पुढून ती सळसळ आली. मी वल्हं तसंच धरून ऐकत राहिले.

दुसऱ्या शनिवारी वारा होता. जुलैइतका नाही, पण पाण्यावर बारीक सुरकुत्या आणि मधूनच पांढरा शेंडा. काठाकाठाने पश्चिमेकडे निघाले. गुडघे वीतभर पुढे घेतले आणि तोंड वाऱ्याकडे ठेवलं. ते तिथे राहिलं! दर चार-पाच वल्ह्यांनी जरा दुरुस्ती करावी लागत होती, पण फिरून पाठ केली असं एकदाही झालं नाही. येताना मागे सरकले आणि वाऱ्याने आणून सोडलं. एकच अडचण आहे. पाठवाऱ्यात एकाच बाजूने वल्हं मारताना टोक हळूहळू दुसऱ्या बाजूला जातं, मग मी बाजू बदलते, सगळं पाणी मांडीवर ठिबकतं.

गुडघे म्हणाल तर बरोबर १८ मिनिटं. नंतर मुंग्या.

आता पुढचा प्रश्न, आणि हा यांनी विचारायला सांगितलाय. वसंतात डॉक्टर हो म्हणाले तर कनूत बसायचंय. पण गुडघे मुडपून मागे बसणं आणि पाय लावून दिशा धरणं नको वाटतं. पुढच्या सीटवर पाय पसरून बसतील, मी मागे बसून दिशा धरीन. त्यांचं वजन ७२ किलो. जड माणूस मागे बसवायचा असं आम्ही कायम ऐकलंय. मग पुढचं टोक बुडेल का?

---

पीटरबरोकर

बाजू बदलू नका, जे स्ट्रोक शिका. वल्हं मागे नेल्यावर लगेच उचलायचं नाही. अंगठा खाली वळवायचा, पातं उभं होतं, आणि शेवटी पाणी किंचित बाहेर ढकलायचं. इंग्रजी जे अक्षरासारखी वाट होते. पहिले दोन दिवस मनगट दुखेल. कलून बसाल तर जास्त सोपं जाईल, कारण वल्हं उभं राहतं. दुसऱ्या प्रश्नाला तराजू आहेत.

---

तराजू

आहे हिशेब. गेली ११ वर्षं तुमचे यजमान मागे: ७२ × १४० = १००८०. तुम्ही पुढे: ५८ × ८५ = ४९३०. फरक ५१५०, मागे जड. तंबू आणि डबे तुमच्या पायाशी असायचे म्हणून निभावत होतं.

आता उलट. तुम्ही मागे: ८१२०. ते पुढे: ७२ × ८५ = ६१२०. फरक फक्त २०००, तोही मागेच जड, पुढचं टोक बुडण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या पायांच्या पुढे, मध्यापासून १५० सेंमीवर, १० किलोची पिशवी ठेवलीत की उरतात ५००. कॅन घरी राहू द्या, त्याऐवजी जेवणाचा डबा आणि थर्मास न्या.

---

देवबागचा

आणि त्यांना बसवताना होडी काठाला टेकवून बसवू नका. पाण्यात पूर्ण तरंगू दे, डॉकला समांतर. कोणीतरी काठ धरून ठेवायचा, दादांनी आधी डॉकवर बसायचं, पाय मधल्या रेषेवर टाकायचे आणि मग सरकायचं. तुम्ही नंतर चढा.

---

स्पीडकाठ

दाखवलं यांना. ‘फरक २०००’ दोनदा वाचलं, आणि गॅरेजमध्ये जाऊन स्वतःचं वल्हं काढून आणलंय. मुठीवरचं वॉर्निश गेलंय, तिथे सँडपेपर मारत बसलेत.